टाकीच्या पोटातला गंज आणि लोणारचा खार

मोटार दुरुस्तीच्या आपल्याकडच्या आठवणींत पेट्रोलच्या टाकीला जागा नसते. इंजिन बांधणारा मिस्त्री अख्ख्या तालुक्याला नावानिशी माहीत असतो, गिअरबॉक्सचा जाणकार दूरदूरची गिऱ्हाइकं खेचतो. टाकी उतरवून ती आतून धुणारा माणूस मात्र रेडिएटरच्या दुकानात कुठंतरी मागच्या बाजूला, काळ्या पडलेल्या बादल्यांच्या गर्दीत बसलेला असतो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग सहा बुलढाणा जिल्ह्यातून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जातो. त्याच्या कडेला आणि घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजाच्या रस्त्यांवर हा धंदा कित्येक वर्षं चालत आला आहे, पण तो मोटारीबरोबर मुंबईहून आला आणि मोटार गेली की जाईल, असंच सगळे धरून चालतात. मला हे पटत नाही. मोटारीबरोबर आली ती फक्त टाकी. धातूचं भांडं आतून खरवडून स्वच्छ करायचं, त्याचा मळ कापायचा आणि मग त्याला दुसऱ्या धातूचा पातळ मुलामा चढवायचा, ही विद्या या मुलखात आधीच होती. त्या विद्येला लागणारी एक मुख्य वस्तू तर याच जिल्ह्यात, जमिनीतून फुकट वर येत होती. आज टाकीची जी कामं फसतात, त्यांतली बहुतेक त्या जुन्या विद्येचा क्रम मोडल्यामुळं फसतात.

आधी गंजाचं प्रकरण समजून घ्यायला हवं, कारण त्याबद्दलही एक गैरसमज आहे. टाकी जुनी झाली म्हणून गंजते असं नाही. ती अर्धी रिकामी उभी राहिली म्हणून गंजते. दिवसा तापलेल्या टाकीतली हवा झाकणाच्या बारीक छिद्रातून बाहेर जाते, रात्री गारठ्यात बाहेरची दमट हवा आत ओढली जाते आणि रिकाम्या भागाच्या पत्र्यावर दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते ओघळून तळाशी बसतं आणि तिथंच राहतं. रोज धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपची टाकी वीस वर्षं टिकते आणि लग्नसराईपुरती बाहेर निघणारी अँबेसेडर पाच पावसाळ्यांत कार्बोरेटरमध्ये तांबडा कचरा सोडू लागते, ती यामुळं. शिवाय उभ्या गाडीतलं पेट्रोल शिळं होतं. त्यातले हलके अंश उडून जातात, उरलेल्याची हवेशी क्रिया होऊन राळेसारखा चिकट थर तयार होतो आणि तो गंजावर बसतो. म्हणजे टाकीत मळ दोन जातींचे असतात. वरचा तेलकट, चिवट आणि खालचा खरखरीत, लोखंडाचाच. या दोहोंना मारणारी औषधं वेगळी आहेत, आणि वरचा निघाल्याशिवाय खालच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

टाकीचा पत्रा मुळात नागडा नसायचा, हेही पुष्कळांच्या ध्यानात नसतं. विसाव्या शतकात मोटारींच्या टाक्या ज्या पत्र्याच्या होत असत त्यावर कारखान्यातच शिसं आणि कथील यांच्या मिश्रणाचा मुलामा असे. त्यात शिसं भरपूर आणि कथील थोडं. नुसतं शिसं लोखंडाला धरत नाही, चार दाणे कथलाचे पडले की ते पसरून चिकटतं. इंजिनाच्या बाजूनं पाहिलं तर मोटार हे यंत्र आहे, पण टाकीच्या बाजूनं पाहिलं तर ते एक कल्हई केलेलं भांडं आहे. वऱ्हाडातल्या माणसाला इंजिन नवं होतं. हे भांडं नवं नव्हतं.

आता लोणार. उल्केच्या आघातानं बेसाल्टच्या खडकात पडलेलं, काठापासून काठापर्यंत जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद असलेलं हे विवर आज शास्त्रज्ञांचं आणि सहलींचं ठिकाण आहे. १९७३ मध्ये आघाताचा पुरावा खडकांतून मिळाला, २००० मध्ये ते अभयारण्य झालं, २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छायाचित्रं आली आणि त्याच वर्षी त्याचा रामसर यादीत समावेश झाला. या सगळ्याच्या आधी काही शतकं लोणार ही एक खाण होती. पावसाळ्यात भरलेलं सरोवर उन्हाळ्यात आटत जाई, काठचा चिखल उघडा पडे आणि चैत्र-वैशाखात त्यावर पांढऱ्या पापुद्र्यांत खार उमटे. खाराच्या जाती लोकांनी पारखून ठेवल्या होत्या. दल्ला, निमकदल्ला, खप्पल, पापडी, भुसकी अशी नावं कागदोपत्री आली आहेत, आणि ज्या वस्तूच्या प्रतींना इतकी नावं असतात तिचा बाजारही तेवढाच बारकाईचा असतो. अकबराच्या काळातल्या आइन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातल्या मेहकर सरकाराच्या वर्णनात लोणार येतं. अबुल फज्लनं तिथल्या तीर्थाचं माहात्म्य सांगितलं आहेच, पण काच आणि साबण करायला लागणारा माल इथं मिळतो आणि त्यापासून उत्पन्न होतं, हेही नोंदवून ठेवलं आहे. दरबारी माणसाला देवळाइतकाच महसूल दिसला, यात नवल नाही. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं या जागेची दखल घेतली. १८५३ च्या तहानं वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या हाती आल्यावर इंग्रज अधिकाऱ्यांनीही खाराकडे पैशाच्याच नजरेनं पाहिलं. १९१२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी सरोवरावर लिहिलं, तेव्हा भूशास्त्राबरोबर सोड्याच्या साठ्याचाही हिशेब मांडला.

हा खार म्हणजे मुख्यतः सोडियम कार्बोनेट, आपल्या घरातला धुण्याचा सोडा. त्यात खायच्या सोड्याचा आणि मिठाचा अंश मिसळलेला. परटाच्या भट्टीत, रंगाऱ्याच्या कढईत, साबणात, काचेच्या बांगड्यांत आणि पापडाच्या पिठात तो जात असे. काच आणि पापड सोडले तर या बहुतेक कामांत गुण एकच कामाला येतो. खार चरबी आणि तेल फोडतो. कापडावरचा तेलकट मळ असो की पितळी पातेल्याच्या बुडाला धरलेली तेलकट काजळी, आंबट पदार्थ त्यांच्यावर नुसता घसरतो आणि खार त्यांना सोडवतो. ही जाण ज्या मुलखातल्या परटिणीला होती, त्या मुलखात ती कल्हईवाल्याला आणि तांबटाला नव्हती, असं मानणं अवघड आहे.

लोणारच्या खाराचा बाजार का बसला याचं साधं उत्तर ‘विलायती सोडा आला’ असं दिलं जातं. ते निम्मंच खरं आहे. १७९१ मध्ये फ्रान्समध्ये लब्लांनं मिठापासून सोडा करायची रीत काढली आणि १८६० च्या दशकात बेल्जियममध्ये सोल्व्हेनं तिच्याहून स्वस्त रीत आणली, हे बरोबर. पण स्वस्त माल येऊन पोचायला रस्ता लागतो, आणि तो रस्ता नेमका त्याच दशकात जिल्ह्याच्या उत्तरेकडून गेला. मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट भुसावळवरून मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी घाटाखालून गेली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा उघडला, तो कापसासाठी. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्यासाठी स्वतः खामगावला आला होता. कापसाच्या गाठी घेऊन मुंबईला गेलेले डबे परत येताना रिकामे यायचं कारण नव्हतं. लोणार मात्र घाटावर. मेहकर ओलांडून, घाट उतरून, बैलगाडीनं रेल्वेपर्यंत आणलेला चिखलमिश्रित खार आणि इंग्लंडहून जहाजानं आलेला शुद्ध सोडा यांची गाठ खामगावच्या पेठेत पडली, तेव्हा निकाल ठरलेलाच होता. घाटावर जाणाऱ्या खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ती वेळेवर पुरी झाली असती तर लोणारचा सोडा टिकला असता का, याबद्दल मला शंका आहे, कारण त्याची प्रत दर मोसमाला बदलायची. पण तो इतक्या लवकर आणि इतका निमूटपणे गेला नसता. पुढं १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाली आणि मिठापूरचा सोडा देशभर जाऊ लागला, तेव्हा इंग्रजी सोड्याचीही गरज उरली नाही. वस्तू तीच राहिली, तिचं गाव बदललं. माझ्या मुद्द्याला गावापेक्षा वस्तूचं महत्त्व जास्त आहे.

आता त्या विद्येची दुसरी बाजू, कल्हई. स्टेनलेस स्टीलची भांडी घराघरांत शिरण्यापूर्वी तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवायचं तर कल्हई हवीच. नाहीतर ताक कळकणार, आमटी हिरवट पडणार आणि खाणाऱ्याला मळमळणार. दिवाळीच्या आधी आणि लग्नाच्या आधी कल्हईवाला गल्लीच्या तोंडाशी जमिनीत खड्डा करून भट्टी मांडायचा, बाजूला चामड्याचा भाता. या कामाची जी गोष्ट सर्वांना आठवते ती म्हणजे शेवटचा क्षण, तापलेल्या भांड्यात नवसागराची चिमूट पडून उठणारा पांढरा धूर आणि कथलाची कांडी टेकताच कापसाच्या बोळ्यानं सर्रकन फिरणारी चांदी. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून साध्या कोळशाच्या भट्टीवरही ते काम होतं. पण कल्हईवाल्याचा खरा वेळ त्याआधी जाई. मोठ्या हंड्यात पोरगं उभं राहायचं, पायाखाली वाळू आणि चिंचेचा चोथा, दोन्ही हात भिंतीला किंवा काठीला, आणि कंबरेतून गोल गोल फिरत ते हंडा आतून घासायचं. त्याआधी तेलकट भांडं राखेनं किंवा खारानं धुतलेलं असे. राख हाही खारच, लाकडातला. म्हणजे क्रम असा: खारानं तेल, वाळूनं खपली, आंबटानं डाग आणि नवसागरानं शेवटचा अदृश्य थर. तापल्यावर नवसागर फुटून त्यातून तीव्र आम्लाची वाफ सुटते आणि गरम धातूवर त्या क्षणी धरू पाहणारा ऑक्साइड ती तिथल्या तिथं खाऊन टाकते. त्यानंतरच कथील. यातली एक पायरी गळली तर कल्हई पसरत नाही, दाणे होऊन घरंगळते. भांडं स्वतःच कारागिराला चूक दाखवतं.

या दोन धंद्यांच्या मधला दुवा रॉकेलच्या डब्यानं पुरवला. रॉकेल आणि सुरुवातीला पेट्रोलसुद्धा आडगावी पोचलं ते डब्यांतून. चार गॅलनचा चौकोनी डबा, आतून-बाहेरून कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा, सांधे डाग देऊन बुजवलेले. या डब्यांचा खप इतका होता की त्यांच्या पत्र्यासाठी बर्मा ऑइल आणि टाटांनी मिळून १९२० मध्ये जमशेदपूरजवळ टिनप्लेट कंपनी काढली. रिकामा डबा कोणी फेकून देत नसे. धान्याला, पाण्याला, छपराला तो लागे, आणि चिमणी, नरसाळं, मापं करायला डबे कापणारे-जोडणारे कारागीर प्रत्येक आठवडी बाजारात बसत. पत्रा कापायचा, कडा खारानं आणि तेजाबानं साफ करायच्या, नवसागर लावायचा, कथील-शिशाची झाळ ओढायची, हे त्यांचं रोजचं काम. पेट्रोलची टाकी म्हणजे या कारागिराच्या दृष्टीनं फक्त मोठा डबा. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या आल्या, त्यांची टाकी ड्रायव्हरच्याच बुडाखाली. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आल्यावर एसटीचं जाळं इथवर आलं आणि बुलढाणा विभागात खामगाव, मलकापूर, मेहकर, चिखली, जळगाव जामोद, शेगाव अशा आगारांतून बस सुटू लागल्या. आगाराला स्वतःची कार्यशाळा असते, पण आगाराभोवती जे खाजगी रेडिएटरवाले आणि झाळकामवाले जमले, त्यांच्या हातातली कावीळ धरल्यासारखी पिवळी ज्योत आणि नवसागराची डबी कारखान्याच्या शिक्षणातून आलेली नव्हती.

टाकीचं काम नीट होतं तेव्हा कसं होतं, ते पाहिलं की ही साखळी उघडी पडते. टाकी उतरवतात, पेट्रोल काढतात, काट्याचा फ्लोट आणि नळी सोडवतात, तोंडं बुचानं बंद करतात. मग उकळतं पाणी आणि भरपूर धुण्याचा सोडा आत, रात्रभर. सकाळी ओततात तेव्हा चहाच्या चोथ्यासारखं तपकिरी पाणी पडतं, त्यात राळेचे पापुद्रे आणि जुन्या पेट्रोलचा आंबूस वास. पाणी स्वच्छ येईपर्यंत हे पुन्हा. मग मूठभर नट-बोल्ट किंवा तुटकी साखळी आत टाकून टाकी सगळ्या बाजूंनी खळखळवतात. हंड्यातल्या पोराच्या पायाखालची वाळू ती हीच. नंतर फॉस्फोरिक आम्ल, जे गंज विरघळवतं आणि उरलेल्या लोखंडावर राखट रंगाचा फॉस्फेटचा थर ठेवून जातं. आम्ल काढल्यावर पुन्हा सोड्याचं पाणी, कारण आम्लाचा थेंब जरी सांध्यात राहिला तरी गंज तिथून सुरू होतो. आणि मग घाई. स्वच्छ, ओलं, उघडं लोखंड हवेत ठेवलं की काही मिनिटांत त्यावर केशरी झाक येते, म्हणून गरम हवेचा झोत लावून टाकी सुकवतात आणि लगेच लायनिंगचा एपॉक्सी ओततात, टाकी हळूहळू फिरवून सगळ्या भिंतींना तो लागू देतात, जास्तीचा निथळून काढतात आणि घट्ट व्हायला काही दिवस देतात. जाणता मिस्त्री या सगळ्यात एक चाचणी घेतो. सोड्यानंतर पत्र्यावरून पाणी सोडतो आणि बघतो. पाणी अखंड पडद्यासारखं ओघळलं तर तेल गेलं. थेंब थेंब होऊन तुटलं तर अजून तेल आहे, पुन्हा सोडा. कथील पसरतं की घरंगळतं हे पाहणाऱ्या डोळ्याला ही चाचणी शिकवावी लागत नाही.

बहुतेक फसलेली कामं इथंच फसतात. बाजारात आज लायनिंगचा डबा मिळतो, गंज काढायचं द्रावण मिळतं, आणि दोन्हींवरची जाहिरात अशी की ओता आणि विसरा. सोड्याची पायरी स्वस्त, वेळखाऊ आणि नाव नसलेली, म्हणून तीच गाळली जाते. मग राळेवर आम्ल पडतं, ते गंजापर्यंत पोचत नाही. त्यावर एपॉक्सी बसतो, तो लोखंडाला न चिकटता राळेला चिकटतो आणि वर्षभरात कातडीसारखा सुटून पेट्रोलच्या नळीच्या तोंडाशी अडकतो. गिऱ्हाईक म्हणतं, लायनिंग खराब. खराब लायनिंग नसतं. उलट टोकाचीही एक चूक आहे. धुण्याचा सोडा हळू काम करतो म्हणून कोणी कॉस्टिक सोडा ओततं. कॉस्टिक तेल झपाट्यानं कापतं खरं, पण शिसं, कथील आणि जस्तही खातं. म्हणजे कारखान्यानं दिलेला जो मुलामा कोपऱ्याकोपऱ्यांत अजून शाबूत असतो, तोही जातो. टाकी ॲल्युमिनियमची असेल तर कॉस्टिकनं भोकच पडायचं.

या मांडणीवर पहिला आक्षेप रसायनाचा येईल आणि तो वजनदार आहे. तांब्यावरची कल्हई आणि लोखंडावरचा मुलामा यांचा स्वभाव एक नाही. तांबं स्वतः फारसं झिजत नाही, कल्हई तिथं अन्नाला तांब्यापासून वाचवते. ती उडाली तर भांडं राहतं, फक्त पुन्हा कल्हई करायची. लोखंडावर कथलाचा ओरखडा उठला तर उलट घडतं. उघडं पडलेलं लोखंड शेजारच्या कथलामुळं आणखी वेगानं गंजतं. जस्ताचं तसं नाही. जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं, म्हणून पाण्याच्या बादल्या आणि छपराचे पत्रे जस्ताचे. मग टाकीला जस्तच का नाही? कारण इंधनातलं आम्ल आणि पाणी जस्ताशी जमवून घेत नाहीत. डिझेलमध्ये तर जस्ताचा चिकट साबण तयार होऊन फिल्टर तुंबतो. आक्षेप मान्य करूनही माझं म्हणणं उभं राहतं, किंबहुना घट्ट होतं. लोखंडावरचा मुलामा हा नुसता पडदा असेल, तर त्यात छिद्र राहता कामा नये, आणि छिद्र राहू न देण्याचं एकमेव साधन म्हणजे खालची सफाई. कल्हईवाल्याची चूक गिऱ्हाइकाच्या ताकात दिसायची, टाकीवाल्याची चूक दोन वर्षांनी रस्त्यात दिसते. विद्या तीच, शिक्षा जास्त.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. लोणारच्या खाराचा बाजार बसला तेव्हा इथं मोटार आलीही नव्हती, मग दोघांना एका दोरीत कशाला ओवायचं? लोणारच्या खारानं कोणी टाकी धुतली, असं मी म्हणत नाही. धुऊही नये. त्यात मिठाचा अंश असतो, आणि मीठ लोखंडाचं वैरी. कापडाला, तांब्याला तो खार चालला, लोखंडाच्या टाकीला मिठापूरचा शुद्ध सोडाच बरा. धंद्याचा इतिहास मालाच्या वंशावळीवर लिहिला तर असे तुटलेले सांधे दिसणारच. तो कामाच्या क्रमावर लिहिला तर सलग दिसतो. शतकानुशतकं खार वापरणाऱ्या मुलखात तेल आधी, गंज मग, मुलामा शेवटी हा क्रम हातांत मुरला होता. तोच क्रम युरोप-अमेरिकेतल्या कारखान्यांनीही आपापल्या वाटेनं गाठला, कारण धातूला दुसरा क्रम चालतच नाही. वऱ्हाडनं तो शोधला असा माझा दावा नाही. तो इथं आयात करावा लागला नाही, एवढाच आहे.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी घेत नाही, घ्यायला हवी. जुन्या कारागिरीचं कौतुक करताना तिची किंमत कोणी मोजली हे झाकू नये. कथील महाग, म्हणून कल्हईत शिसं मिसळलं जाई, आणि ते पोटात जाई. हंड्यातलं पोरगं शाळेत जात नसे. टाकीच्या कामात शिशाची वाफ, आम्लाची वाफ आणि त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलची वाफ. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी घातक असते, कारण हवेत दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान पेट्रोलची वाफ असली की एक ठिणगी पुरते. वेल्डिंगच्या ज्वालेनं टाकी फुटून माणूस जायबंदी होणं हा दंतकथेचा भाग नाही. इथं सोड्याच्या उकळत्या पाण्याचं आणखी एक काम पुढं येतं. ते तेलाबरोबर सांध्यांत दडलेलं पेट्रोलही बाहेर काढतं, आणि मग टाकी भोकाच्या जरा खालपर्यंत पाण्यानं भरून घेतली की वाफेला जागाच उरत नाही. बॅटरीचार्जरनं गंज काढायची रीत आता पुष्कळ जण करतात. टाकीला ऋण टोक, आत लोखंडी सळई धन टोकाला, आणि मध्ये सोड्याचं पाणी. त्यातही हायड्रोजन सुटतो, म्हणून बंद खोलीत ते करू नये, आणि सळई स्टेनलेसची वापरू नये, तिच्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. रस्त्यात टाकी गळाली तर भोकात कपड्याच्या साबणाची वडी दाबायची, ही युक्ती प्रत्येक जीपवाल्याला ठाऊक असते. पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून ती चालते. पाण्यात विरघळतो, म्हणून फार दिवस चालत नाही.

मग नवी टाकीच का बसवू नये? जिथं मिळते तिथं जरूर बसवावी. सांध्यालगतचा पत्रा बोटानं दबत असेल, उजेडासमोर धरल्यावर चाळणी दिसत असेल, तर लायनिंग म्हणजे गळक्या छपराला रंग देणं. जीपच्या टाक्या आजही नव्यानं बनतात. पण प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या आसपास थांबलं, अँबेसेडरचं २०१४ मध्ये, आणि त्यांच्या चांगल्या टाक्या भंगारातच शोधाव्या लागतात, जिथं त्याही गंजलेल्याच असतात. कल्हईला स्टेनलेस स्टीलनं हटवलं, लोणारच्या खाराला कारखान्यानं, आणि धातूच्या टाकीला आता प्लॅस्टिकनं. प्लॅस्टिकची टाकी गंजतच नाही, हे निर्विवाद. या बदलाबद्दल हळहळण्यासारखं मला काही दिसत नाही. प्रश्न फक्त ज्या पत्र्याच्या टाक्या रस्त्यावर आहेत त्यांचा आहे, आणि त्या अजून पुष्कळ आहेत.

त्यांच्यापुढं आता इथेनॉल आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये ज्या ठिकाणी झाले त्यांत मिरज आणि मनमाड होती. २००३ मध्ये पाच टक्के मिश्रण महाराष्ट्रासह काही राज्यांत आलं, २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. इथेनॉल उसापासून आणि मक्यापासून होतं, आणि मका या जिल्ह्यातही भरपूर पिकतो, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूनं त्याचं स्वागत स्वाभाविक आहे. टाकीच्या बाजूनं हिशेब वेगळा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. ओल मर्यादेत असेल तोवर ती पेट्रोलमध्ये विरघळून इंजिनातून जळून जाते, आणि हे एका अर्थी बरंच. पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. पूर्वी तळाला नुसतं पाणी असे, आता धातूला अधिक झोंबणारं मिश्रण असतं. त्याहून आधी इथेनॉल जुनी राळ सोडवतं, त्यामुळं वर्षानुवर्षं निपचित पडलेला कचरा एकदम फिल्टरमध्ये येतो आणि लोकांना वाटतं की नव्या पेट्रोलनं टाकी गंजली. गंज जुनाच असतो, पेट्रोलनं त्याच्यावरचं पांघरूण काढलेलं असतं. इथेनॉलचा विचार न करता बनवलेली जुनी लायनिंग मात्र या मिश्रणात खरोखरच फुगतात आणि सुटतात, म्हणून दहा-पंधरा वर्षांपूर्वी सील केलेली टाकी पुन्हा उघडून पाहावी लागते. जुनं लायनिंग पूर्ण खरवडून काढल्याशिवाय त्यावर नवं बसत नाही, ते काढल्यावर पुन्हा उकळतं सोड्याचं पाणी लागतं, आणि यावेळी डबा घेताना त्यावर इथेनॉल चालतं असं छापलेलं आहे का ते बघून घ्यावं. गाडी महिनाभराहून जास्त उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, म्हणजे दव धरायला पत्राच उघडा राहत नाही.